परक्याचा पाय

"पाय सैल सोडा काका, मी काही खात नाही तुम्हाला," माझी बायको म्हणाली आणि तिने परक्या माणसाची टाच उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

समोरच्या पायरीवर हे रोज सकाळी सात वाजता चालायचं. मी शिंपी. घराची पुढची खोली हेच माझं दुकान, आणि मशिनवर बसलं की नजर सरळ समोर जाते, तुमची इच्छा असो वा नसो. समोर निवृत्त पोस्टमन राहतो. एकटाच, बायको जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच्या तळपायाला शुगरची जखम झाली होती आणि दोन महिने माझी बायको ती धुवत होती, औषध लावत होती, पट्टी बांधत होती. बांधता बांधता विचारायची, रात्री झोप लागली का, जेवण वेळेवर घेता का. मला झोपेबद्दल तिने शेवटचं कधी विचारलं ते आठवायचं तर आमची मुलगी रांगत होती तिथपर्यंत मागे जावं लागतं. मुलगी आता दोन लेकरांची आई आहे.

बायको आरोग्यसेविका आहे. सगळं गाव तिला ताई म्हणतं आणि मला 'ताईंचे मिस्टर'. तीस वर्षं मी या गावाची मापं घेतोय. कोणाचं पोट सुटलं, कोणाचा डावा खांदा उतरता आहे, सगळं तोंडपाठ. तरी मी मिस्टर. असो.

आता खरं सांगतो, मला पोस्टमनचा मत्सर वाटायचा. तुमच्या मनात आलं तसला नव्हे. चौसष्ट वर्षांचा, पुढचे दात पडलेला माणूस, त्याच्यावर कसला संशय घेणार? मी त्याच्या पायावर जळायचो. कारण तसाच एक पाय माझ्याकडेही होता.

उजव्या अंगठ्याच्या खाली. नव्या चपलेने फोड आला, फुटला, तो भरेचना. दुखत मात्र नव्हता, आणि न दुखणं हेच वाईट असतं, इतकं आरोग्यसेविकेच्या नवऱ्याला कळतं. घशाला सारखी कोरड पडायची. वजन उतरत होतं. माझी स्वतःची पँट मी दोनदा कंबरेत आत घेतली होती. मला काय झालंय ते मला चांगलं माहीत होतं. पण सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तिला दिसू दे. गावातल्या माणसांची चाल बघून ती लांबून म्हणते, "मावशी, उजव्या पायाला काय झालं?" मग घरातला पाय दिसायला काय भिंग लागतं?

तसे मी प्रयत्नही केले, नाही असं नाही. ती सहाला घरी आली की मी पाय स्टुलावर ठेवून बसायचो, अगदी तिच्या नाकासमोर.

"अहो, पाय खाली घ्या ना. मला इथे कार्डं मांडायची आहेत."

मी पाय खाली घ्यायचो.

"दमलीस?" मी विचारायचो, म्हणजे तिनेही उलट विचारावं.

"जरा बोलू नका, मोजणी चुकेल." मग पिशवी उलटीसुलटी करून म्हणायची, "चार पट्ट्या कमी कशा पडतात? उंदरांनी नेल्या की काय?"

"उंदरांना लागलं असेल कुठे," मी म्हणालो.

ती हसली, पण मान काही वर केली नाही. पट्ट्या मीच घेत होतो. दुपारी दुकानाचं दार लोटून, तिच्यासारखीच घडी घालून, अंगठ्याला गुंडाळायचो. शिंप्याचा हात आहे, बांधणी बरी जमायची.

त्याच दिवसांत तिने तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी काढली होती. घरोघर जाऊन दाब बघायचा, बोटाला टोचून शुगर बघायची, पायाचे तळवे बघायचे. गल्लीच्या त्या टोकापासून सुरुवात झाली. आमच्या डाव्या हाताचं घर झालं, उजव्या हाताचं झालं, समोरचं तर काय, रोजच होत होतं. मी म्हटलं, "आपलं घर राहिलं."

"आपलं काय, हक्काचं घर. शेवटी करू."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगीच नाही.

पण तिची बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी अगदीच कोत्या मनाचा ठरेन. आमच्या उपकेंद्राला सहा वर्षं कुलूप होतं. पत्र्याखाली शेळ्या बसायच्या. हिने अर्ज केले, खेटे घातले, एकदा तर मोठ्या साहेबाच्या खुर्चीसमोर दिवसभर हलली नाही; तेव्हा कुठे कुलूप निघालं. महिन्यातून दोनदा डॉक्टर यायला लागले, शुगर बघायच्या पट्ट्या मिळायला लागल्या. त्याआधीच्या सहा वर्षांत गावातल्या चौघांचे पाय कापले गेले होते. चौघांचीही पँट एका बाजूने मीच आखूड करून दिली. ते काम घेताना गिऱ्हाइकाशी काय बोलावं, कळत नाही. हिने तेव्हा म्हटलं होतं, "आता या गावातलं एक बोटसुद्धा जाऊ द्यायची नाही मी." आणि तीन वर्षं गेलं नव्हतं. मला तिचा अभिमान होता. तो मी कधी बोलून दाखवला नाही, ही गोष्ट वेगळी.

शाळेत शिबिर होतं त्या दिवशी मी मनाचा हिय्या केला. दुकान बंद करून, घराला कुलूप लावून सरळ रांगेत जाऊन उभा राहिलो. पुढे सव्वीस माणसं. टेबलाशी डॉक्टर, शेजारी ही. प्रत्येकाचा हात हातात घेऊन विचारत होती, "कसं वाटतंय?" मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. म्हणणार होतो, "बाई, मला घरी कोणी विचारत नाही, म्हणून इथे आलो." म्हणजे चारचौघांत हशाही होईल आणि कामही होईल.

माझ्यापुढे पाच माणसं उरली तेव्हा तिने मला पाहिलं. उठून लगबगीने आली.

"अहो, किल्ली हवी का? आधी नाही का सांगायचं, उगाच रांगेत ताटकळलात." आणि कंबरेची किल्ली काढून तिने माझ्या हातावर ठेवली.

माझी किल्ली माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "हो, विसरलो होतो." दोन किल्ल्या घेऊन मी घरी आलो. तळपायाची आग मस्तकात गेली, असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या तळपायाला तर काही कळतच नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती पायरीवरूनच बोलत आत आली. "काकांची जखम भरली. पूर्ण. डॉक्टर म्हणाले, हा पाय तुम्ही वाचवलात." तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मग पायाचा सत्कार ठेवा," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "हल्ली काय बिनसलंय तुमचं? कोणाचं चांगलं झालं की नाकाला मिरच्या झोंबतात."

"मला काय होणार आहे?"

"तेच म्हणते मी. तुम्हाला काही होत नाही, म्हणून तर मी बिनघोर गावभर फिरते."

हे ती इतक्या सहज म्हणाली, की माझ्या तोंडाशी आलेला टोमणा तिथेच राहिला. आता सांगावं, असं वाटलं. तेवढ्यात दारात कोणीतरी हाक मारली, "ताई, पोराला ताप भरलाय." ती "आले" म्हणाली आणि गेली.

चार दिवसांनी दुपारी पोस्टमन माझ्या दुकानात आला. पँट सैल करायची होती. जखम भरत आल्यापासून अंग धरलं होतं त्याने, तेही मला बोचलं. मी शिवण उसवायला घेतली, तो समोरच्या स्टुलावर बसला. बडबड्या माणूस, पण एकदम गप्प झाला. बघतो तर त्याची नजर माझ्या पायडलवर. मी पाय मागे घेतला.

"टेलर, पाय मागे घेऊ नकोस. कधीपासून आहे?"

"काय कधीपासून?"

"मला शिकवू नकोस. हा वास मी दोन महिने स्वतःच्या अंथरुणात घेतलाय."

मी मशिन थांबवलं. "तिला बोलू नका," मी म्हणालो. "तिला स्वतःला दिसू दे."

"येडा आहेस का तू? मीही लपवलं होतं. पण मला विचारणारं घरात कोणी नव्हतं म्हणून. तुझ्या घरात तर साक्षात ती आहे."

"म्हणून तर."

त्याने कपाळाला हात लावला. मग उठून म्हणाला, "दिवे लागायच्या आत सांग तिला. नाहीतर मी सांगतो. मला काय, सकाळी पायरीवर यायची सवयच आहे तिला."

तो गेला आणि मी उसवलेली पँट तशीच हातात धरून बसलो. डोळ्यांसमोर चित्र आलं: पोस्टमन सांगतोय, ही ऐकतेय, आणि म्हणतेय, "बरं झालं काका, तुमचं लक्ष होतं." म्हणजे माझ्या पायाचंही श्रेय यालाच? ते मला सहन होईना. शहाणपणाने नाही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू, निव्वळ जळफळाटाने मी उठलो आणि तिला शोधायला निघालो.

पहिल्या घरी कळलं, बाळाचं वजन करून आत्ताच गेली. दुसऱ्या घरी म्हणाले, गोळ्या देऊन वरच्या आळीला गेली. तिसऱ्या घरी खाटेवर म्हातारी बसली होती.

"मघाशी येऊन गेली रे. बस म्हटलं तर बसली नाही, पाणीही उभ्यानेच प्यायली. घरी तरी बसू देतोस ना तिला?"

मी मान डोलावली. खरं तर ती घरी येते तेव्हा मी माझाच पाय पुढे करून बसलेला असतो. तिचा चेहरा दमलेला दिसतो का, हे मला तरी कुठे सांगता आलं असतं?

ती सापडली वरच्या आळीच्या शेवटच्या घरापाशी. दिवस भरत आलेल्या एका सुनेला बघायला आली होती. दाराबाहेर बसून कार्ड भरत होती.

"अहो, तुम्ही इथे? किल्ली..."

"किल्ली नको. माझा पाय बघ."

ती आधी हसली. मग तिने खाली पाहिलं आणि कार्ड बाजूला ठेवलं. "बसा," एवढंच म्हणाली. मी पायरीवर बसलो, ती समोर मातीत गुडघे टेकून बसली. चप्पल काढली. पट्टी ओळखली तेव्हा तिचा हात थांबला. घडी तिचीच, पट्टीही तिचीच. तिने ती हळूहळू सोडवली. अंगठ्याची कड काळी पडली होती.

पेनाच्या मागच्या टोकाने तिने दाबलं. "इथे कळतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"कधीपासून आहे?"

त्रेचाळीस दिवस. मला अगदी पक्कं माहीत होतं. हा प्रश्न ऐकायला मी त्रेचाळीस दिवस थांबलो होतो आणि पुढचं वाक्यही घासूनपुसून तयार होतं, परक्यांचे पाय मांडीवर घेतेस आणि घरचा सडला तरी तुला पत्ता नाही. मी खाली पाहिलं. तिचे केस वरून बरेच पांढरे झाले होते. पेन धरलेला हात अजून माझ्या अंगठ्याशीच होता. सुई टोचताना त्या हाताने कधी कोणाला दुखवलं नव्हतं, असं गाव सांगतं.

"चार दिवस झाले असतील," मी म्हणालो.

चार दिवसांची जखम कशी असते, हे या गावात तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? आतून सासूची हाक आली, "ताई, हिला गरगरतंय म्हणते." पहिल्यांदाच माझी बायको "आले" म्हणाली नाही. हाक परत आली, तरी ती माझा पाय धरून तशीच बसली होती. हे व्हावं म्हणून मी काय नाही केलं. आता झालं, तर मला बघवेना.

"जाऊन ये," मी म्हणालो. "मी कुठे पळतोय?"

ती गेली. पंधरा-वीस मिनिटं आतून तिचा नेहमीचा आवाज येत होता, हे दे, खिडकी उघड, घाबरू नकोस. मग हात धुऊन बाहेर आली, पुन्हा मातीतच बसली आणि मोठ्या दवाखान्यात दाखवायची चिठ्ठी पिशवीतून काढली. माझं नाव, वय तिने न विचारता लिहिलं.

"अंगठा राहणार नाही हो," लिहिता लिहिता ती म्हणाली.

"नसू दे. पायडल चार बोटांवर चालतं."

"चेष्टा नको."

जखम किती दिवसांची, या रकान्यात तिने लिहिलं, 'दीड महिना.' मी म्हणालो, "अगं, चार..." तिने ऐकलं नाही. त्याखाली छापलेलं होतं: आरोग्यसेविकेने शेवटची तपासणी केल्याची तारीख. तिथे पेन जरा थांबलं.

"मागच्या महिन्यातली टाक एखादी," मी हळूच म्हणालो. "मी सांगेन, केली होती म्हणून. तुझ्या तीन वर्षांवर बट्टा नको."

तिने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं; एवढा वेळ तिने मला कधी पाहिलं होतं, आठवत नाही. मग स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'तपासणी केलेली नाही', आणि खाली पूर्ण सही केली.

"नीट ठेवा," चिठ्ठी माझ्याकडे देत ती म्हणाली. "तिथे गेल्याबरोबर मागतील."

मी ती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. तिला उठायला जमत नव्हतं. मातीत बसून तिचे गुडघे धरले होते. मी एका पायावर उभा राहिलो आणि तिला हात दिला.