नग एक, डोके

काल्हेरच्या आमच्या गोदामात हजेरीचं मशीन चेहरा बघून दार उघडतं. वर्षभरापूर्वी ते मला ‘चेहरा ओळखता आला नाही’ असं सांगायला लागलं. चेहरा तोच होता, फक्त वरच्या अंगाने वाढत चालला होता.

म्हणून मी केस उगवायचं औषध आणलं, मिनॉक्सिडिल. महिनोन्‌महिने लावलं. केसांनी दखल घेतली नाही. मग मोबाइलवर एक जण भेटला. त्याचं म्हणणं, औषध चांगलंच असतं, पण टाळूची कातडी ते आत घेत नाही, बरंचसं उशीच पिते. माझ्या उशीला केस आले नव्हते, तरी मुद्दा पटला. उपाय असा, की बारीक सुयांचा रोलर डोक्यावर फिरवायचा, भोकं पडली की त्यातून औषध मुरतं.

वरून गुंडाळायची कल्पना मात्र माझी. आम्ही दिवसभर पॅलेटवर खोकी रचून त्यांना स्ट्रेच फिल्म गुंडाळतो. गुंडाळलेला माल सुकत नाही, हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक?

घरी, दिघाशीला, हे जमणारं नव्हतं. रोलर बघून आईने एकदाच विचारलं होतं, “डोक्यात भात लावायचा हाय का?”

तेव्हा जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या मोरीत रक्ताचे ठिपके येईपर्यंत रोलर फिरवला, अर्धी बाटली ओतली आणि अनंतासमोर डोकं धरलं. अनंता हा आमचा सगळ्यात चांगला पॅकर. त्याने आत काच आहे असं समजून गुंडाळलं. हनुवटीखालून फिल्म घेतली, शेपटाला पीळ दिला, वर टेप मारली. नाक, डोळे, तोंड उघडं ठेवलं. मागे ‘नाजूक’चा स्टिकर लावला. काम नीट झालं की तो लावतोच.

डबा अर्धा खाऊन झाला आणि शेजारच्या गाळ्यात कापड विणायचा लूम सुरू झाल्याचा आवाज आला. मग आठवलं, शेजारच्या गाळ्यात नुसते पंखे ठेवलेत. लूम माझ्या छातीत होता.

उठलो तर पत्रे, खोकी, अनंता, सगळं काळं झालं. खाली बसलो. पुन्हा दिसायला लागलं, पण धोटा थांबेना. हाताला घाम, ओठ गार. माझी बहीण मेघाली भिवंडीत मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती आधी हसली. अर्धी बाटली म्हटल्यावर हसायची थांबली. मला तिथूनच भीती वाटायला लागली.

“दादा, ते मुळात बीपी उतरवायचं औषध आहे. कातडी अडवते म्हणून डोक्याला लावलेलं चालतं. तू दारच फोडलंस. फिल्म काढ, डोकं धू आणि दवाखान्यात जा. एकटा जाऊ नको.”

फिल्म निघेना. कटर जेवणाच्या सुट्टीत कपाटात जमा होतात. कपाटाची चावी स्टोअरवाल्याकडे होती आणि स्टोअरवाला बाहेर जेवायला गेला होता. अनंताने नखं लावली, दात लावले. स्वतःच्या कामाचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा राग आला असावा. शेवटी त्याने मला काखेत धरलं आणि गेटकडे नेलं. दवाखाना रस्त्याच्या पलीकडेच होता.

गेटवर वॉचमन बाळाराममामा. त्यांनी माझं डोकं सगळ्या बाजूंनी पाहिलं.

“पॅक नग गेटपासशिवाय बाहेर जात न्हाय.”

अनंता म्हणाला, आत माणूस आहे. मामा म्हणाले, मागे एकाच्या हेल्मेटातही माणूसच होता, सोबत कंपनीचे ट्रिमर होते. त्यांचं चुकत नव्हतं. मी दाराच्या गजाला धरून उभा होतो आणि गज मला लांब लांब जाताना दिसत होता. मरायचंच तर निदान गेटच्या बाहेर, एवढंच डोक्यात होतं. का, ते माहीत नाही.

सुपरवायझर केसरीनाथकाका हात न धुताच केबिनमधून आले. वाद न घालता त्यांनी गेटपासचं पुस्तक उघडलं. त्यांना तेच जमतं. मालाचं नाव : डोके. नग : एक. स्थिती : नाजूक, हे स्टिकरवरून उतरवलं. खाली दोन चौकटी होत्या. ‘परत येणार’ आणि ‘परत न येणार’.

तिथे काकांचं पेन थांबलं.

फुटलेले टीव्ही, भिजलेली गव्हाच्या पिठाची पोती, कशाचाही निकाल काका न बघता लावतात. या वेळी त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“काका,” मी म्हणालो, “पहिली.”

त्यांनी कुठे खूण केली ते मला दिसलं नाही. डोळ्यांपुढे पुन्हा काळं आलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कात्रीने फिल्म कापली, डोकं धुतलं, पाय उशीवर चढवले, सलाइन लावलं. छातीला वायरी जोडल्या. औषध उतरेपर्यंत इथेच राहायचं, म्हणाल्या. पडद्यावर माझी रेघ उड्या मारत होती. रेघ वर गेली की वाटायचं आता फुटणार, खाली आली की वाटायचं संपली. पास शर्टाच्या खिशात होता. मेघाली येऊन बसली, तिने विचारलं हे काय आहे. मी खिशावर हात दाबून धरला. उघडायची हिंमत नव्हती. काकांचा अंदाज सहसा चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी सोडलं. मेघाली घरी चल म्हणत होती. मी आधी रस्ता ओलांडून गेटवर गेलो आणि मामांना पास दिला. बघितला नाहीच.

मामांनी वाचला, आणि परत माझ्यापुढे धरला. दोन्ही चौकटी कोऱ्या होत्या.

“केसरीनाथ बोलला, त्याला ठरवता येत नव्हतं.” मामांनी कानावरचं पेन काढून दिलं. “आता तूच भर.”

मी आधी छातीवर हात ठेवून बघितलं. मग खूण केली. दुसरा हात छातीवरच असल्याने कागद सरकला आणि ती दोन्ही चौकटींच्या मधोमध पडली.

मामांनी शिक्का मारला.