फंडाच्या पैशाचा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं तापलेलं आहे. लातूरच्या मे महिन्यात ते तापायचंच, पण यात माझ्या मालकाचाही वाटा आहे.

भूकंपाच्या साली मी ट्रकमधून इथे आलो. तेव्हा आमची काय वट होती! लोकांना डोक्यावर जड काहीच नको होतं. एसटीच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक फारूकभाई आणि त्यांची बायको शहजादी दोन वर्षं माझ्याखाली बिनघोर झोपले. "हा पडला तरी जीव घेणार न्हाई," असं फारूकभाई म्हणायचे. मला फार बरं वाटायचं.

पुढे शहरात कोचिंग क्लासेसचं पेव फुटलं. जो तो बाहेरगावच्या पोरांसाठी खोल्या बांधू लागला. फारूकभाई निवृत्त झाले आणि नोकरीभर साठलेला सगळा फंड एका प्लॉटवर आणि आठ खोल्यांवर लावून मोकळे झाले.

"अर्धा तरी बँकेत राहू द्या," शहजादी म्हणाली. "माझे गुडघे गेलेत. दवाखान्याला लागंल."

"भाडं येईल की दर महिन्याला!"

गवंडी दगडोबा स्लॅब टाका म्हणून हात जोडत होता. "दुसऱ्याच्या लेकराला स्लॅबखाली झोपवू? न्हाई जमायचं," असं म्हणून या गृहस्थांनी सगळीकडे पत्रेच घातले. जपून ठेवलेला मी पहिल्याच खोलीवर चढलो; तिथे नवरा-बायको स्वतः राहू लागले.

तेव्हापासून तोच तमाशा. परवा रेणापूरच्या केवळाबाई लेकीला घेऊन आल्या. वर बघून म्हणाल्या, "पत्रा हाय, लई बरं." लेक सृष्टी भूकंपानंतर जन्मलेली. ती म्हणाली, "आई, इथं भाजून निघंन मी. परीक्षा उन्हाळ्यातच हाय." दोघी गेल्या समोरच्या स्लॅबच्या खोलीत. पोरगी खरंच बोलली हो! पण मालकाला पटेल तर शपथ.

आठांपैकी सहा खोल्या रिकाम्या आहेत. विकायला काढल्या, तर गिऱ्हाईक पडेल भावात मागतं. काल डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च सांगितला. शहजादी भिंत धरून उठली.

"फंड बँकेत असता तर उद्या काढला असता," ती म्हणाली. "आता काय, ही भिंत घेऊन दवाखान्यात जाऊ?"

मला फारूकभाईंचा इतका राग आला, आणि त्यांची कीवही आली.

मित्रांनो, भीती वाटली तर हलकं छप्पर निवडा, माझी हरकत नाही. पण म्हातारपणाचा सगळा पैसा विटांत घालू नका, आणि ज्या माणसाच्या म्हातारपणासाठी तो आहे, त्याला आधी विचारा. मी कुणाच्या अंगावर पडलो नाही. तरीही माझ्याखाली शहजादी जायबंदी बसली आहे.