पुढची फेलो

नीनाचा तिसरा फोन आला तेव्हाच उल्काच्या मनात पाल चुकचुकली.

पहिल्या फोनचं एक ठीक होतं. अमेरिकेतल्या मराठी डेंटिस्ट मुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उल्कानेच विचारलं होतं, रेसिडेन्सीला अर्ज करण्याआधी फी भरून ऑर्थोची फेलोशिप करण्यात काही अर्थ आहे का? नीना शिकागोच्या एका डेंटल कॉलेजात तीच करत होती. वर नागपूरची, उल्काच्याच कॉलेजची, चार वर्षं धाकटी. "ताई, डोळे मिटून ये," म्हणाली. दुसरा फोन अर्जाची आठवण करायला, तोही समजू शकतो. पण तिसरा फोन उल्काच्या लेकीचा, अनयाचा ताप उतरला का म्हणून? अहो, सख्खी नणंद विचारत नाही, आणि ही कधी न पाहिलेली पोरगी विचारते!

"कुठेतरी पाणी मुरतंय," उल्का नवऱ्याला म्हणाली.

"तुझा स्वभावच संशयी," अमेयने लॅपटॉपमधून डोकं वर न काढता सांगितलं. तो रेडमंडच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याला वाटायचं, प्रश्न विचारला की उत्तर मिळतं. "आपलं माणूस मदत करतंय यार. घे ना."

आता संशयी होती, हे खरंच. पण का असू नये? ऑर्थो, म्हणजे दात सरळ करायचं शास्त्र, शिकायला रेसिडेन्सीची जागा मिळावी म्हणून तिने दोन वर्षं अर्ज केले होते आणि दोन्ही वर्षी तोंडावर पडली होती. नागपूरची डिग्री, वय चौतीस, आणि इथे काम काय तर एका क्लिनिकमध्ये असिस्टंट. यंदाचा तिसरा अर्ज शेवटचा, असं नवराबायकोचं ठरलं होतं. फेलोशिप करायची तर तो अर्ज वर्षभर पुढे ढकलायचा, शिकागोत एकटीने राहायचं आणि सहा वर्षांच्या अनयाला बापाजवळ ठेवायचं. पगाराचं नाव नाही, उलट फी आपणच भरायची. बदल्यात मिळणार डायरेक्टरचं शिफारसपत्र. त्या पत्राने जागा मिळाली तर बरं, नाहीतर लेकीचं एक अख्खं वर्ष हातचं गेलं.

म्हणून ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायला शिकागोला गेली.

डायरेक्टर गोड माणूस निघाला. फारच गोड. त्याने कॉफी दिली, नवी मशिनं दाखवली, भिंतीवरचे फोटो दाखवले. उल्काने सरळ विचारलं, "तुमच्या फेलोंपैकी किती जणांना पुढे रेसिडेन्सी मिळाली?"

"आमचे फेलो अतिशय समाधानी असतात," तो हसून म्हणाला.

घ्या! विचारलं काय, सांगतो काय! उल्काने मान डोलावली आणि क्लिनिकच्या भिंतीवरच्या फळ्याकडे नजर वळवली. त्या दिवशी कुठल्या खुर्चीवर काय काम आणि ते कोण करणार, हे त्यावर लिहिलेलं होतं. असिस्टंटला असला फळा वाचायची सवयच असते. तारा बदलणं, ब्रॅकेट चिकटवणं, नव्या पेशंटची तपासणी, सगळ्यांपुढे रेसिडेंटांची नावं. नीनाचं नाव सात ठिकाणी होतं आणि सातही ठिकाणी दोनच कामं: फोटो आणि स्कॅन.

उल्काच्या अंगाचा तिळपापड झाला. फोटो आणि स्कॅन! हेच ती रेडमंडला रोज करत होती, आणि त्याचा तिला पगार मिळत होता.

संध्याकाळी नीना तिला डेव्हन ॲव्हेन्यूवर घेऊन गेली. चाट आणि मिठाईचं दुकान, बाहेर पार्किंगसाठी मारामारी. नीना दिसायला अगदी साधी, डोळ्यांखाली काळं. तिने न विचारता दोन प्लेट समोसे मागवले, बिलाला हात लावू दिला नाही आणि लगेच सुरू झाली. "सर फार चांगले आहेत ताई. खूप शिकायला मिळतं."

"काय शिकलीस?"

"म्हणजे... सगळंच."

"एक तरी तार स्वतःच्या हाताने वाकवलीस का वर्षात? खरं सांग. आणि हे सारखे फोन काहून करून राहिली तू मला?"

नागपूरचं बोलणं कानावर पडलं आणि नीनाचा चेहराच उतरला. ती समोशाचे तुकडे करत राहिली, खाल्ला मात्र एकही नाही.

"माझं पत्र अडलंय ताई," शेवटी ती म्हणाली. "सर तोंडाने काही म्हणत नाहीत. फक्त म्हणतात, पुढच्या वर्षीची जागा कुणीतरी घेऊ दे, मग मी निवांतपणे तुझं पत्र लिहितो. महिनाभरात अर्जाची मुदत संपते. तुम्ही हो म्हणालात तर माझं पत्र निघेल."

"म्हणजे तू मला विकायला काढलंस!" उल्काचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने वळून पाहिलं.

"मलाही असंच आणलं ना सीमाने, माझ्या आधीच्या फेलोने," नीना रडकुंडीला आली. "मी पण तिच्यावर अशीच चिडले होते. पण ताई, सीमाला जागा मिळाली. ओहायोत आहे ती आता. तुम्हाला वाटतं तसं ते पत्र खोटं नाही. ते चालतं. फक्त जाताना एक माणूस आणून द्यायचं, बस. तुम्हालाही मिळेल जागा."

इतके दिवस उल्काला हवं होतं ते उत्तर हेच होतं. आधी तिला खात्री होती की सगळं थोतांड असणार, मग नाही म्हणणं सोपं होतं. पण ते चालत होतं! एक वर्ष, एक माणूस, आणि मग जागा. आणि अजून नीनाचं वाक्य पुरतं संपलं नव्हतं, तोच उल्काच्या मनात नावही आलं. अंतरा. अकोल्याची डेंटिस्ट, नवी नवी लग्न होऊन आलेली, अजून ग्रुपवरही नसलेली, प्रत्येक मेसेजच्या शेवटी 'ताई, तुम्ही सांगाल तसं' लिहिणारी. तिला पटवायला दोन फोन पुरले असते, तिसऱ्याची गरजच पडली नसती.

इतका वेळ उल्का सगळ्या जगाला पारखत बसली होती, आणि इथे स्वतःच हिशोब मांडून मोकळी झाली होती.

"नाही ग नीना," ती म्हणाली. "मी नाही येणार." तिला रडू येत होतं. यंदाचा अर्ज त्या पत्राशिवायच जाणार होता, आणि त्याचं काय होणार हे तिला आजच दिसत होतं.

नीनाने डोळे पुसले. मग पुढे झुकून उल्काचा हात धरला. "बरं, तुम्ही नका येऊ. पण तुमच्या ओळखीत दुसरं कुणी असेल ना? नवीन आलेलं? फक्त एक नंबर द्या ताई. बाकी मी बोलते. तुमचं नाव नाही घेणार, आईशप्पथ."

"माझ्या ओळखीचं कुणी नाही."

"कुणीच नाही? नक्की?" नीनाने तिच्याकडे रोखून पाहिलं. कुणी आपल्यापासून काही लपवत असेल, तर उल्का जशी बघायची, अगदी तशी.

"कुणी नाही," उल्का म्हणाली. तिने फोन पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.