तोतारामच्या मजकुरातली मोकळी जागा

मित्रांनो, रिक्षाच्या टपावर बांधलेला, तोंड वासून बसलेला कर्णा तुम्ही कधीतरी पाहिला असेल. मी तसाच एक जुना भोंगा आहे. माझ्या कडेला एक पोचा आहे आणि रंग केव्हाच उडाला आहे. आज मला कुणी तार जोडत नाही. तरी एकदा ऐका, कारण ही गोष्ट माझ्याइतकी जवळून कुणी पाहिलेली नाही.

दूरच्या एका कारखान्यात ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून मला घडवले. जळगावच्या दुकानात काही दिवस मी धूळ खात टांगलेला होतो. तिथून पाचोऱ्याच्या तोताराम महाजनने मला उचलले आणि आपल्या रिक्षाच्या टपावर घट्ट बांधले. त्या दिवसापासून त्याचा गळा आणि माझे तोंड एकच झाले. सर्कस आली, नळाला पाणी येणार नाही, पोलिओचा डोस पाजायला या, कुणाची म्हैस हरवली, हे सारे मी गल्लोगल्ली सांगितले. पण गावात आम्हाला मान होता तो दुःखाच्या पुकाऱ्यासाठी.

कुणाचे निधन झाले की घरचे लोक तोतारामला बोलावत. तो चप्पल बाहेर काढून आत जाई आणि मजकूर लिहून घेई. गेलेल्याचे नाव, तो कुणाचा वडील, कुणाचा भाऊ, अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून निघणार. मग रिक्षा अगदी हळू चालायची. कोपऱ्यावर ती थांबली की दुकानदार तराजू खाली ठेवून ऐकत. ‘‘तोतारामने पुकारलं म्हणजे माणूस नीट गेला,’’ असे लोक म्हणत. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

त्याच अभिमानात माझ्या तोंडून एक चूक झाली.

तोतारामचे वडील छगन आबा सात वर्षे अंथरुणाला खिळून होते. तोताराम दिवसभर रिक्षावर. त्याची बायको रूपा लवकर गेलेली, मूलबाळ नाही. आबांचे सगळे केले ते त्याच्या मोठ्या बहिणीने, बेबाबाईने. ती धरणगावला दिलेली. नवरा गेल्यावर ती वडिलांसाठी पाचोऱ्याला आली होती. आबांना भरवणे, पुसणे, कुशीवर वळवणे हे सगळे तिचेच काम. आबा गेले त्या सकाळी तोतारामने स्वतः मजकूर लिहिला आणि रीतीप्रमाणे माझ्यातून पुकारला. ‘‘तोताराम महाजन यांचे वडील छगन महाजन यांचे दुःखद निधन झाले आहे.’’ मुलीचे नाव घालायची रीत नव्हती. त्याने घातले नाही आणि मीही दिले तसे बोललो.

बेबाबाई दारात उभी होती. तिने ऐकले. सुतक फिटण्याची गंधमुक्ती होईपर्यंत ती राहिली, सगळ्यांना वाढले, भांडी घासून पालथी घातली आणि धरणगावची बस धरली. पुढे चौदा वर्षे तिची राखी आली नाही.

त्या वर्षांत गावही बदलले. माणूस गेला की बातमी मोबाईलच्या ग्रुपवर पडू लागली. आमची रिक्षा दिवसचे दिवस सुपडूच्या चहाच्या टपरीसमोर उभी राही. चिमण्या माझ्या तोंडात काड्या आणून ठेवत. तोताराम त्या काढत नसे.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या छातीत दुखू लागले. डॉक्टरांनी जपायला सांगितले. त्यानंतर एका दुपारी तो रिक्षात बसून एका जुन्या जाहिरातीच्या पाठीवर काही लिहू लागला. लिहून झाल्यावर त्याने सुपडूला हाक मारली.

‘‘सुपडूभाऊ, ऐका बरं. माझा मजकूर लिहिलाय.’’

‘‘तुमचा कसला मजकूर?’’

‘‘माझा. शेवटचा. मी गेल्यावर लिहून घ्यायला घरात कोण आहे?’’

सुपडूने हातातला ग्लास खाली ठेवला. तोताराम पुकाऱ्याच्या आवाजात वाचू लागला. नऊच्या आत न्यावे, लोकांना उन्हात उभे करू नये. बाजारपेठेतून न्यावे, कारण त्या गल्ल्यांत तो जन्मभर बोलला. हार नकोत. अमरधामच्या स्मशानात पुढाऱ्यांची भाषणे नकोत. सगळ्यांनी पाच मिनिटे गप्प उभे राहावे आणि घरी जावे. वाचता वाचता तो एका जागी अडला.

‘‘इथे काय?’’ सुपडूने विचारले.

‘‘कोणाचा कोण, ते लिहायचं असतं. इथे मोकळं आहे.’’

‘‘माझं नाव घाला. सुपडूचा मित्र म्हणा.’’

तोताराम हसला, पण त्याने डोळे पुसले. ‘‘तुम्ही आहातच. पण रक्ताचं एक तरी नाव लागतं हो.’’

‘‘मग अक्का आहे ना धरणगावला?’’

तोतारामने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याने माझ्या तोंडातल्या काड्या काढल्या, मला फडक्याने पुसले आणि रिक्षा धरणगावच्या रस्त्याला लावली. दोन्ही बाजूंना गुडघाभर कपाशी होती. वाटेत तो चार वेळा थांबला. मला वाटले छातीत दुखते आहे. पण तो नुसताच बसून राही आणि पुन्हा निघे.

बेबाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे झाले होते. तिने आधी मला पाहिले, मग त्याला.

‘‘कसाले उना?’’ कशाला आलास, असे तिने घरच्या अहिराणीत विचारले.

तोताराम खालच्या पायरीवर बसला. ‘‘अक्का, मना मजकूर लिखेल शे. एक जागा मोकळी शे. तठे तुन्हं नाव लिखू का?’’

शेंगा फोडणारे हात थांबले. ‘‘आबानं सात वरीस मी करं. आन् तू गल्ली गल्लीमा काय बोलना? आबाले एकच पोऱ्या. मी कोनीच नही?’’ तिने माझ्याकडे बोट केले. ‘‘याच तोंडमाईन बोलना ना?’’

मित्रांनो, मला खाली मान घालता येत नाही. माझे तोंड आहे तसे उघडेच राहिले.

‘‘चुकनं अक्का. मन्हं चुकनं,’’ तोताराम म्हणाला.

ती उठून आत गेली. मग तिने त्याला पाण्याचा तांब्या दिला. चहाचे विचारले नाही.

‘‘ठेव तो कागद आठे,’’ एवढेच ती म्हणाली. तोतारामने तो ओट्यावर ठेवला आणि आम्ही परतलो.

त्यानंतर तोताराम रोज तिच्या फोनची वाट पाहायचा. राखीपौर्णिमा आली आणि गेली. दिवाळी गेली. फोन वाजला की तो चटकन खिशात हात घाली आणि नाव बघून परत ठेवी. कागदाविषयी तो सुपडूशीही पुन्हा बोलला नाही.

माघात एके सकाळी त्याचे दार उघडले नाही. सुपडूने शेजाऱ्यांना बोलावून ते उघडले. तोताराम झोपेतच गेला होता. सुपडूने धरणगावला फोन लावला. नऊ वाजून गेले. जमलेले लोक घड्याळ बघू लागले, पण सुपडू म्हणाला, ‘‘अक्का आल्याशिवाय हलवायचं नाही.’’

ती साडेअकराला आली. भावाच्या कपाळावर हात ठेवून बसली. रडली नाही. मग तिने विचारले, ‘‘पुकारा झाला?’’

‘‘ग्रुपवर टाकलंय अक्का,’’ एकजण म्हणाला. ‘‘सगळ्यांना कळलंय.’’

‘‘त्यानी जन्मभर बठ्ठासना पुकारा करा,’’ ती उठत म्हणाली. ‘‘त्याना मी करसू.’’ जन्मभर सगळ्यांचा पुकारा करणाऱ्याचा पुकारा आता ती करणार होती.

‘‘बाईमाणूस कधी पुकारत नाही, अक्का,’’ एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले.

‘‘मना भाऊ शे,’’ ती म्हणाली आणि रिक्षात जाऊन बसली.

सुपडूने हँडल धरले. बेबाबाईने पिशवीतून कागद काढला. त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या. तिने माईक तोंडाशी नेला तशी मी मोठ्याने शीळ घातली. ती दचकली, पण माईक सोडला नाही. चौथीपर्यंत शिकलेली ती, बोट ठेवून ठेवून वाचू लागली. पहिल्यांदाच माझ्यातून बाईचा आवाज जात होता. मोकळ्या जागेवर तिचे बोट आले आणि ती थांबली. बाजारपेठेत सगळे उभे राहून वर बघत होते.

‘‘छगन महाजन यांची मुलगी बेबाबाई,’’ ती म्हणाली, ‘‘हिचा धाकटा भाऊ तोताराम याचं दुःखद निधन झालं आहे.’’

पुढच्या गल्लीत तेच. त्याच्या पुढच्या गल्लीत तेच. एका वळणावर तिचा आवाज फाटला. सुपडूने रिक्षा थांबवली, तिला पाणी दिले, आणि आम्ही पुन्हा निघालो. अमरधाममध्ये ती आत गेली, कुणी अडवले नाही. भाषण झाले नाही. पाच मिनिटे सगळे गप्प उभे होते.

नंतर रिक्षा विकली गेली. मला मात्र बेबाबाईने मागून घेतले. आता मी धरणगावला तिच्या मागच्या खोलीत, सरपणाशेजारी आहे. मला तार नाही, तिच्याकडे येणारे-जाणारे फारसे कुणी नाही. दोघांचे दिवस असेच जातात. एकदा ती पदराने माझ्यावरची धूळ पुसत होती. मध्येच थांबली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, ‘‘त्याले जित्ता व्हता तवयच सांगाले पाह्यजे व्हतं. नाव लिख म्हनीसन.’’

मला उत्तर देता आले नाही. बोलायला मला कुणाचा तरी गळा लागतो.

मित्रांनो, तुमच्याजवळ तुमचा गळा आहे. कुणी दारात येऊन पायरीवर बसले असेल, तुमच्या एका शब्दाची वाट बघत असेल, तर रागवा, भांडा, पण तो शब्द त्याला ऐकू येईल तेव्हाच द्या. मी गावभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललो आहे. ज्याला ऐकायचे होते, तो एकटाच त्या दिवशी ऐकत नव्हता.