नाणी, मडकी आणि बदक

लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. नवरा, सासरे आणि ती, अशी तिघं गाडी काढून लांबच्या प्रवासाला निघाली. वाटेतल्या मोठ्या शहरात शिरता शिरताच गाडीच्या क्लचनं मान टाकली. नवरा गॅरेजवर अडकला. "तुम्ही दोघं शहर बघून या," तो म्हणाला. "इथली संग्रहालयं नावाजलेली आहेत."

सासऱ्यांनी जन्मभर औषधांचं दुकान चालवलेलं. बोलणंही पुडीत बांधून दिल्यासारखं. ती दातांची डॉक्टर, एरवी तोंडाळ; पण सासऱ्यांपुढे तिचीच दातखीळ बसायची.

पहिल्या संग्रहालयात नाणी होती. सासरे हात मागे बांधून प्रत्येक काचेपुढे थांबत, म्हणून तीही थांबे. मध्येच "वा!" म्हणे, की ते पुढच्या काचेपाशी आणखी रेंगाळत. दुसऱ्यात नुसती मडकी. फुटलेली, चिकटवलेली, पुन्हा फुटलेली. दुपार कलली तेव्हा तिच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती, आणि सासरे तिसऱ्या संग्रहालयाच्या तिकिटांच्या रांगेत उभे होते.

तिनं हळूच चपलेतून पाय काढला. टाचेला टरटरून फोड आला होता.

"अगं, हे कधी झालं?"

"नाण्यांपाशीच, बाबा."

"मग बोलायचं नाही का?"

"तुम्ही इतके रमला होतात. हिरमोड कशाला करायचा?"

सासरे बघतच राहिले. "मी रमलो होतो? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही! तू वा वा करत होतीस म्हणून मी आपला थांबत होतो."

मग तिला जे हसू फुटलं, ते आवरेना. सासऱ्यांच्या डोळ्यांतूनही पाणी यायला लागलं. रांगेतले लोक माना वळवून बघायला लागले.

सासऱ्यांनी पाकिटातून चिकटपट्टी काढून तिच्या हातात दिली.

"बाबा, खरं सांगा, तुम्हाला काय बघायचं होतं?"

ते जरा लाजले. "येताना तळं दिसलं ना? तिथे पायानं चालवायच्या होड्या आहेत. बदकाच्या."

"चला मग!"

"आणि तुझा पाय?"

"तुम्ही पायडल मारा. मी सुकाणू धरते."

तळ्यात बदक निघालं ते थेट काठच्या गवताकडे.

"डावीकडे! अगं, डावीकडे!"

"डावीकडेच वळवतेय!"

बदक गवतात घुसलं आणि रुतून बसलं. होडीवाला दोर घेऊन यायला निघाला, तेवढ्यात सासऱ्यांचा फोन वाजला.

"गाडी झाली," नवरा म्हणाला. "कुठल्या संग्रहालयात आहात?"

"बदकात," सासरे म्हणाले.

तो तळ्यावर पोचला तेव्हा दोघं गुडघ्यापर्यंत चिखलात माखून काठावर भांडत होती.

"सुकाणू तुझ्या हातात होतं!"

"पायडल उलटं तुम्ही मारलंत, बाबा! खोटं बोलू नका!"

नवरा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. दोन महिन्यांत या दोघांनी एकमेकांशी मीठ वाढण्यापलीकडे शब्द काढला नव्हता.

"गाडी तिकडे उभी आहे," तो चाचरत म्हणाला.

"थांब रे," सासरे म्हणाले, "आधी एक फेरी धड मारू दे."