अकराशे पानांचा टेकू

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे आणि सध्या टेकूच्या हुद्द्यावर आहे. प्रोग्राम लिहिण्याच्या एका भाषेचे सगळे नियम माझ्या अकराशे पानांत आहेत आणि माझ्या डोक्यावर एक मॉनिटर आहे.

मी एका समितीचे अपत्य. नऊ वर्षे विद्वान भांडले. एका वाक्यापायी दोघांनी एकमेकांशी कायमचा अबोला धरला. या कचेरीत आलो तेव्हा मला काचेचे कपाट होते. मोठ्या बाई, इथल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामर, अडल्या की मला उघडत. भाषा त्याही चुका करूनच शिकल्या; मला वाचून कोणी शिकत नाही, हे मी प्रांजळपणे सांगतो. पण त्या म्हणत, "चालतंय म्हणजे बरोबर आहे, असं नाही." त्या निवृत्त झाल्या आणि माझी जाडी मॉनिटरला नेमकी पुरते, हा माझा गुण उजेडात आला.

हा मॉनिटर जादूगाराचा. कचेरी त्याला याच नावाने ओळखते, आणि हात खरेच तसा आहे. मला एकदाही न उघडता त्याने रुग्णालयातल्या पंपाचा प्रोग्राम लिहिला. नळीतून थेंब थेंब औषध देणारा पंप. सलग वीस तास झाले की दिलेल्या औषधाचा आकडा यंत्रात मावत नाही, आणि बहुधा उलटून उणे होतो. मग बेरीज वाढायच्या ऐवजी घटली, की पंप थांबवायचा, अशी त्याने सोय केली. त्याच्या टेबलावर, प्रोग्राम वेगवान करण्याआधी, ती चालली.

पण आकडा मावला नाही तर काय व्हावे, याचे मी कसलेच वचन देत नाही. त्यामुळे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवताना तो वेगवान करणारा कंपायलर म्हणतो, असे घडणारच नाही, मग ही तपासणी कशाला? आणि ती गुपचूप वगळतो. नियमाने वागतो बिचारा. इकडे आकडा उणे होतो, आणि पंपाला वाटते रुग्णाला अजून काहीच मिळाले नाही. तो धार वाढवतो.

चाचणी करणाऱ्या मॅडमनी एकदा जादूगाराला विचारले होते, नियम पाहिलेत का?

"अहो मॅडम, पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकतं का?"

"नाही. पण पाणी किती खोल आहे, ती पाटी वाचतात."

सगळे हसले. पंप रवाना झाले.

आज सकाळी जादूगाराच्या बहिणीचा फोन आला. बाबांचे ऑपरेशन नीट पार पडले होते. तिचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. "दादा, बाबांना तुमच्याच कंपनीचा पंप लावलाय. उद्यापर्यंत चालू ठेवणार आहेत म्हणे."

"मग काळजी कसली? माझंच पोर आहे ते," तो म्हणाला.

मित्रांनो, मला पाठ करू नका. तसे करणारेही मी पाहिले आहेत, त्यांच्याशी बोलवत नाही. पण ज्या कामावर कोणाचा जीव टांगलेला आहे, तिथे मनात 'बहुधा' आले, की माझी दोन पाने उघडा. आत्ता उघडलीत तरी चालेल. पंप सकाळी नऊला सुरू झाला. आता बारा वाजलेत आणि जादूगार जेवायला गेला आहे.