खिडकीखालच्या विटा

चहाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं. स्वप्नालीनं गॅस बारीक केला आणि दाराआडून बाहेर डोकावलं. ओसरीवर नव्या घराचा नकाशा पसरलेला होता. तीन कोपरे तिघांनी धरलेले, एक सासरे सुंदररावांनी, एक थोरले दीर सुरज यांनी, एक तिच्या नवऱ्यानं, अंगदनं. चौथ्या कोपऱ्यावर अडकित्ता ठेवला होता. सटवा मिस्त्री जरा बाजूला, खांबाला टेकून, तळहातावर तंबाखू मळत होता. आज तरी काम सुरू होणार की बीडच्या कामावर जायचं, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

"दार सहा फुटाचं," सुंदरराव म्हणाले. "आलेल्यानं जरा वाकून यावं. घराचा मान असतो तो."

"आबा, आता सहाचं कोण करतं? माझा मेव्हणा आला तर कपाळ फुटंल त्याचं," अंगद म्हणाला.

"फुटू दे की. एकदा फुटलं की दुसऱ्या टायमाला वाकंल."

सटवा हसला, आणि दुसरं कुणीच हसत नाही हे पाहून खोकला.

घर गेवराईच्या रस्त्याला लागून, शेतात चाललं होतं. जोतं झालं होतं, भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. एवढ्यात अंगदनं कुणाला न विचारता पुढच्याच भिंतीत, आपल्या खोलीच्या बाजूला, आणखी एका दाराची जागा मोकळी सोडायला लावली आणि तिथं रोवलेल्या बांबूवर खडूनं सात फुटाची खूण करून टाकली. सुरजनं ती बघितली आणि काम थांबवलं.

"एका घराला रस्त्याकडं दोन दारं," सुरज आता म्हणाला. "अन् धाकल्याचं थोरल्या दारापेक्षा फूटभर वर. गाव काय म्हणंल? वाटण्या झाल्या म्हणंल."

"गावाला काय, काही बी म्हणतं. मला दुकान बंद करून यायला उशीर होतो. माझ्यासाठी रोज कुणी कडी काढायला उठावं कावून?"

"उठतो की आमी. कधी तक्रार केली का बे?"

स्वप्नालीनं चहा गाळायला घेतला. दुकानाचं कारण खोटं नव्हतं, पण दुसऱ्या दाराचं बीज दुकानात पडलेलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. ते तिच्याच तोंडून पडलं होतं. इसू, तिची ईश्वरी, पाच वर्षांची. तापात रात्री जागी झाली की आईच्या कुशीतून उठून, भिंत चाचपत, मोठ्या आईच्या अंथरुणात जायची. मोठी आई म्हणजे विजयमाला, सुरजची बायको. तिला मूल नव्हतं. स्वप्नालीचं बाळंतपण अवघड गेलं तेव्हा तिनंच इसूला न्हाऊमाखू घातलं, वाटी-चमच्यानं वाढवलं. त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. तरी एका रात्री रिकाम्या झालेल्या कुशीवर हात फिरवत स्वप्नाली बोलून गेली होती, "आपलं दार वेगळं असतं तर बरं झालं असतं." अंगदनं ते ऐकलं आणि आपलं केलं. आता ते मागं घ्यायचं म्हटलं तर कुणाकडून घ्यायचं?

चहा आला तसा सटवानं तंबाखू पुडीत परत टाकली.

"आबा, माझं ऐका. दारा-खिडक्यांवरचं लिंटल एकच ओढतो. सात फूट. समोरचं दार, आतली दारं, खिडक्या, सगळं एका रेषेत. कुणी वर न्हाई, कुणी खाली न्हाई."

"अन् वाकायचं?"

"उंबरा वीतभर उंच घेतो. माणूस पाय ठेवताना खाली बघंलच. मान झुकल्याशी मतलब."

सुंदररावांनी बशीत चहा ओतला, फुंकला, एक घोट घेतला. त्यांना पटलं होतं, पण पटलं असं म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. "उंबरा दगडी पाहिजे," ते म्हणाले. म्हणजे झालं. "पण दुसरं दार न्हाई. मी हाय तोवर एका घराला एकच दार."

"मग ती सोडलेली जागा?" सटवानं विचारलं.

"बुजव."

"सगळी कशाला बुजवायची? खालून तीन फूट भिंत उचलतो, वर खिडकी बसवतो. मोठी, हवेशीर."

"खिडकीला कोण नको म्हणतंय," सुरज म्हणाला आणि भावाकडं बघितलं. अंगद नकाशाची घडी घालत होता. घडी नीट बसेना तशी त्यानं ती तशीच खाली ठेवली.

"करा काय करायचं ते," तो म्हणाला आणि चहा न घेताच मोटारसायकल काढून गेला.

स्वप्नालीनं त्याचा कप तसाच परत आत नेला. तिला हायसं वाटलं होतं. इसू आता मोठ्या आईपासून कुठं जात नव्हती. आणि त्याच वेळी कुणीतरी हातातला घास काढून घ्यावा तसंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ती जेवण घेऊन शेतावर गेली, तर सासूबाई, केशरबाई, पातळ गुडघ्यापर्यंत खोचून पांढऱ्या मातीचा गारा तुडवत होत्या. सोबत इसू, गुडघ्यापर्यंत माखलेली, भलतीच खुशीत. सटवा त्या सोडलेल्या जागेपुढं थापी घेऊन उभा होता.

"आजी, पुऱ्या घराला शिमिट अन् एवढ्याच तुकड्याला गारा?" तो म्हणत होता. "आबांनी बघितलं तर माझी खैर न्हाई."

"ते लिंटल बघतेत. खाली कुठं बघतेत? वरून शिमिटाचा गिलावा मार. आतलं कुणाला दिसतंय."

"पण कावून?"

केशरबाईंनी पाय थांबवले नाहीत. "दोघं बी माझ्याच पोटची हायत. आज न उद्या इथनं एक जण बाहेर पडणार. मी असंन, नसंन. घर फोडायला पहार लागली की तिचा दणका जन्मभर कानात राहतो, सटवा. माझ्या माहेरी ऐकलाय मी. इटा हातानं निघाल्या पाहिजेत."

मग त्यांना स्वप्नाली दिसली. डबा हातात, पदर डोक्यावर, जागच्या जागी उभी.

"ऐकलंस?"

"हो, आत्या."

"मग उभी काय राहतीस? घमेलं दे मिस्त्रीला."

स्वप्नालीनं डबा खाली ठेवला. वाकून घमेलं उचललं. ते तिच्या अंदाजापेक्षा जड होतं. सटवानं तिच्याकडं न बघता ते घेतलं आणि पहिला थर लावला. ती दुसरं भरायला वळली. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

दुपार कलेपर्यंत भिंत गुडघ्याच्या वर आली. विजयमाला फणी आणि तेलाची बाटली घेऊन आली, आतल्या बाजूनं. तिनं इसूचे पाय धुतले, तिला त्या ओल्या भिंतीशेजारी उपड्या घमेल्यावर बसवलं आणि वेणी घालायला घेतली.

"खिडकी बरी केली बाई," ती पलीकडून स्वप्नालीला म्हणाली. "कट्टा चांगला रुंद घ्यायला सांग. इसूला अभ्यासाला बसता येईल. मी आतून लक्ष ठेवीन, तू बाहेरून."

"हो, अक्का."

"अन् भाऊजींना म्हणावं रुसू नका. रात्री कडी मी काढीन. मला तशी बी झोप लागत न्हाई. ही लाथा मारती रात्रभर."

"मी न्हाई मारत," इसू म्हणाली.

"मग कोण मारतं? गाढव येतं का आपल्याकडं?"

इसू खुदकन हसली. हसता हसता तिनं बोट लांबवून दोन विटांमधला ओला गारा उकरला. वीट जरा हलली. तिनं ती परत नीट बसवली, हातानं थोपटली. मग मान वर करून भिंतीच्या अल्याड उभ्या असलेल्या आईकडं पाहिलं.

"आई, आजी म्हणली ह्या इटा परत काढायच्या हायत."

विजयमालाची फणी केसांत थांबली.

"काढल्यावर," इसूनं विचारलं, "मी कुणाच्या घरात झोपायचं?"